बाटलीवरचा भरवसा आणि नळावरचा हक्क

(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, उपसा योजनांची आवर्तने आहेत. त्यातच पिण्याच्या पाण्याचा विषय आम्ही मुद्दाम घातला. काही कार्यकर्त्यांनी विचारले, "हा आपल्या आंदोलनाचा विषय आहे का?" आहे. कसा, ते पुढे जमाखर्च मांडूनच सांगतो.

आपल्या भागातल्या कुठल्याही लग्नात जाऊन पाहा. पूर्वी मांडवाच्या कडेला पाण्याचे टिपाड असे, त्यावर ओले पोते आणि एक तांब्या. आता तिथे निळ्या जारांची रांग लागते. व्याह्यांच्या पंगतीला बाटली, बाकीच्यांना जार आणि भांडी घासणाऱ्या बायकांना टाकीचे पाणी. एकाच मांडवात पाण्याच्या तीन जाती. नळाचे पाणी दिले तर पाहुणा रागावेल, ही भीती. पाणी बाधेल की नाही हे कोणी विचारत नाही. मान राहील की नाही, हे विचारतात.

बाटलीची पत कशी वाढली

बिसलेरीचे पाणी १९६५ साली मुंबईत आले तेव्हा ते मोठ्या हॉटेलांत मिळणारी चैनीची वस्तू होती. पाणी विकत घ्यायचे, या कल्पनेला लोक हसत. आज एस.टी. स्टँडवर कोणत्याही कंपनीची बाटली मागताना आपण "एक बिसलेरी द्या" म्हणतो. कंपनीचे नाव पाण्याचे नाव झाले. लोकांच्या मनात एक वाटणी पक्की बसली: नळाचे पाणी ते साधे, बाटलीतले ते शुद्ध.

ही वाटणी कशावर उभी आहे? बाटलीला झाकण असते, सील असते, आतले पाणी आरपार दिसते आणि त्याला किंमत पडते. ज्याला पैसे पडतात ते चांगले आणि जे ग्रामपंचायतीकडून येते ते बेताचे, असे आपल्याला वाटते. पाण्यातला जंतू डोळ्यांना दिसत नाही. मग माणूस दिसणाऱ्या खुणेवर भरवसा ठेवतो. त्यात काही गुन्हा नाही. पण या भरवशाचा धंदा कसा होतो, ते समजून घेतले पाहिजे.

तांबड्या पाण्याचा खेळ

गावात पाणी शुद्ध करणारे यंत्र विकायला माणूस येतो. दोन पेले मांडतो, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवतो आणि वीज सोडतो. थोड्या वेळात नळाचे पाणी तांबडे-काळे होते. यंत्राचे पाणी जसेच्या तसे. घरातल्या बाया तोंडावर हात ठेवतात. "हे तुम्ही लेकरांना पाजता," तो म्हणतो. पुढच्या हप्त्यात यंत्र भिंतीवर लागते.

यातली मेख सांगतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि कांडीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. पेल्यात दिसतो तो त्याच्याच कांडीचा गंज. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि रंग येत नाही. पुन्हा असा माणूस आला तर त्याच्या यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता वीज सोड. तेही पाणी तांबडे होईल.

टीडीएसच्या मीटरचेही तसेच. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. जंतू त्यात मोजले जात नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. पावसाळ्यात ओढ्याच्या गढूळ पाण्याचा आकडा कमीच येईल. म्हणून ते प्यायचे का?

आपल्या पूर्व भागात, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटावकडे, बोअरचे पाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चव मचूळ लागते. ही तक्रार खरी आहे. पण जड पाणी आणि रोगट पाणी एक नव्हे. मुतखड्याचे खापर आपण सरसकट पाण्यावर फोडतो. उन्हात दिवसभर राबायचे आणि पाणी मात्र दोन तांबे प्यायचे, हे त्याचे मोठे कारण आहे.

जिथे पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर आहे किंवा नायट्रेट ४५ च्या वर आहे, तिथे गोष्ट वेगळी. तिथे उकळून उपयोग नाही, टीसीएल टाकून उपयोग नाही. तिथे आरओ यंत्र किंवा दुसरा स्रोत पाहिजेच. ते ठरवायचे मात्र प्रयोगशाळेच्या अहवालावरून, विक्रेत्याच्या पेल्यावरून नाही.

वास येतो तो कशाचा?

नळाच्या पाण्यावर सर्वांत मोठी तक्रार कोणती? "औषधाचा वास येतो." तो वास क्लोरीनचा. टाकीत टीसीएल पावडर टाकली, जंतू मेले आणि थोडे क्लोरीन शिल्लक राहिले, याची ती खूण. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाला उरले पाहिजे. वाटेत पाइपात काही शिरले तर हे उरलेले क्लोरीन त्याला मारते. म्हणजे तो वास हा पाण्याचा राखणदार आहे.

जारच्या पाण्याला वास नाही, कारण यंत्रात क्लोरीन काढून टाकलेले असते. जार धुतला नसेल, तोटीला मळका हात लागला असेल, तर आत गेलेल्या जंतूला अडवणारे तिथे कोणी नाही. ज्या पाण्याला राखणदार आहे त्याच्यावर आपला संशय आणि ज्याला नाही त्याच्यावर विश्वास, असा हा उलटा न्याय झाला आहे.

नळावरचा राग खोटा नाही

तरीही नळावरून लोकांचे मन का उडाले, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली. घराघरांत माणसे आजारी पडली, काही दगावली. ज्याने ते पाहिले त्याला नळाचे पाणी प्या म्हणून उपदेश करायचा अधिकार कोणाला नाही.

आपल्या गावांत काय चालते? दोन-चार दिवसांआड पाणी येते. पाणी बंद असते तेव्हा पाइप रिकामा असतो. गळक्या सांध्यातून, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून गटाराचे पाणी आत शिरते आणि पुढच्या पाळीला आपल्या घागरीत पडते. दाब कमी म्हणून आपण नळ खड्ड्यात उतरवतो, त्या खड्ड्यात सांडपाणी साचते. नळाला तोटी नसते. ज्याची ऐपत आहे तो नळाला मोटर जोडतो. ती पाणी ओढते तशी सांध्यातली घाणही ओढते. टीसीएलचे पोते उघड्यावर, उन्हात पडलेले असते, त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरते नुसती पांढरी भुकटी. ती टाकली काय आणि न टाकली काय.

म्हणजे नळाचे पाणी बिघडते ते निष्काळजीपणाने. निष्काळजीपणाला औषध आहे. पण ते जारमध्ये भरून विकत मिळत नाही.

सीलच्या आत काय आहे?

आता बाटलीची झडती घेऊ. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्लीतल्या १७ आणि मुंबईतल्या १३ कंपन्यांच्या बाटल्या तपासल्या. बहुतेकांत कीटकनाशकांचे अंश निघाले: लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस. कापूसवाल्यांनो, यातली नावे आपल्या ओळखीची आहेत. बाटलीच्या कारखान्यालाही पाणी जमिनीतूनच घ्यावे लागते आणि शेतात फवारलेले जमिनीत मुरते. त्या वेळच्या मानकात "तपासणीत सापडू नये" एवढेच लिहिले होते, आणि तपासणीची पद्धत अशी की ती फारशी पकडूच शकत नव्हती. बोभाटा झाला तेव्हा नियम बदलले. १ जानेवारी २००४ पासून एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम आणि सगळ्यांना मिळून ०.०००५ अशी मर्यादा आली. लोकांनी तपासले म्हणून बाटली सुधारली, हे लक्षात ठेवा.

विलायतेची गोष्टही ऐका. २००४ साली कोकाकोला कंपनीने इंग्लंडमध्ये 'दसानी' नावाचे बाटलीबंद पाणी आणले. ते लंडनजवळच्या सिडकप गावच्या नळाचेच पाणी, यंत्रातून काढलेले, असे वर्तमानपत्रांनी उघड केले. त्या शुद्धीकरणातच ब्रोमेट नावाचे घातक द्रव्य मर्यादेबाहेर गेले आणि काही आठवड्यांतच कंपनीला पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. नळात जे चांगले होते ते बाटलीत जाऊन बिघडले.

आपल्याकडे २००१ साली बाटलीबंद पाण्याला आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती उठली आणि त्यानंतर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत घालून तपासणीखाली आणले. पण हे झाले सीलबंद बाटलीचे. आपल्या दारात टेम्पोतून येणाऱ्या थंड जारला बहुतेक वेळा सील नसते, भरल्याची तारीख नसते, कारखान्याचा पत्ता नसतो. त्याच्यापुढे ग्रामपंचायतीची टाकी बरी. निदान ती कोणाची, हे ठाऊक असते.

बाटलीला जागा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली पाण्यात बुडाली होती आणि प्यायला पाणी नव्हते. तेव्हा जी बाटली पोहोचली ती उपकाराची. आजाऱ्याला, प्रवाशाला, संकटात बाटली घ्यावी. रोजच्या तहानेची सोय म्हणून गावाने बाटलीवर अवलंबून राहायचे का, हा आपला प्रश्न आहे.

आता जमाखर्च

वीस लिटरचा जार घरपोच वीस रुपये धरा. कुठे स्वस्त, कुठे महाग. रोज एक जार म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये ठरली आणि मध्यम धाग्याच्या कापसाची ७,७१०. म्हणजे वर्षाच्या पिण्याच्या पाण्यासाठी कोरडवाहू शेतकऱ्याने दोन क्विंटल शाळू द्यायचा, नाही तर जवळजवळ एक क्विंटल कापूस. तोही आधारभूत भाव मिळाला तर. आता घरी जाऊन पाणीपट्टीची पावती काढा आणि या आकड्याच्या शेजारी ठेवा.

लिटरची बाटली साधारण वीस रुपयांना मिळते. गाईच्या दुधाचा भाव पडला म्हणून २०२४ साली सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. दुधामागे गाय आहे, वैरण आहे, पहाटे उठणारी बाई आहे. तरी दुधाचा दर सांगायला दुसरा आणि पाण्याचा दर छापून येतो, झाकणासकट. भाव कोण ठरवतो, हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न. तो पाण्याच्या बाटलीवर जितका स्पष्ट दिसतो तितका कुठेच दिसत नाही.

आणखी एक हिशेब. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. बाटलीच्या भावाने त्याची किंमत ५६,६०० कोटी रुपये होते. कोयनेत १०५ टीएमसी मावते. पाण्याला एवढी किंमत आहे हे ज्यांना कळले त्यांची नजर उद्या धरणावर जाणार. आपण टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले ते पाणी हक्काचे मानून. घरात मात्र पाणी ही दुकानातली वस्तू, अशी सवय लेकरांना लावली, तर उद्या शिवारातल्या पाण्याचा हक्क कोणत्या तोंडाने मागणार?

पैशाचा पाणवठा

ज्यांचे मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातले कटगुण, त्या महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणवठा सगळ्यांचा, हे ठरायला एवढा संघर्ष लागला. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभे केले, तेव्हाही आग्रह हाच होता: भूमिहीनासकट प्रत्येक घराला पाण्याचा वाटा.

आता पाणवठे पुन्हा वेगळे होऊ लागले आहेत, या वेळी पैशावरून. सरपंचाच्या घरी जार, डॉक्टरच्या घरी यंत्र, मास्तरच्या घरी यंत्र. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्या घरांत नळाचे पाणी कोणी पीतच नाही. मग टीसीएल संपले काय, पाइप फुटला काय, त्यांना कळणार कसे? ग्रामसभेत ओरडणार कोण? नळावर उरतात मजूर, म्हाताऱ्या, परित्यक्ता बाया. त्यांचे पोट बिघडले तर ती बातमी होत नाही. ऐपतवाला नळ सोडून गेला की नळाचा वाली जातो. जारमुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच, आणि ते सत्तर-त्र्याहत्तर शेकड्यांच्या हिशेबात मावत नाही.

मिरजेची गाडी आणि मलकापूरचा नळ

नळाच्या पाण्यावर पुन्हा विश्वास बसू शकतो का? आपल्या दोन जिल्ह्यांतच दोन दाखले आहेत.

पहिला मिरजेचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ होते. मिरज स्टेशनातून कृष्णेचे पाणी भरून रेल्वेगाडी निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. वाघिणी राजस्थानात कोटा इथे वाफेने धुऊन आणल्या होत्या. लातूरकराने त्या पाण्याचे लेबल विचारले नाही. पाणी कुठून आले, वाघीण कशी धुतली, हे सगळे उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांसमोर घडले होते. जे काम उघड्यावर होते त्यावर लोक भरवसा ठेवतात.

दुसरा कराडजवळच्या मलकापूरचा. तिथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने चोवीस तास पाण्याची योजना केली. कोयनेचे पाणी, नवे पाइप, प्रत्येक नळाला मीटर, आणि जास्त वापराला चढा दर. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असे आपल्याला वाटते. पण पाइप सतत भरलेला आणि दाबाखाली असला की बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. गळते तेही बाहेर गळते. पाणी केव्हाही मिळणार म्हटल्यावर कोणी पिंपे भरून ठेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून ओतून देत नाही. मीटरमुळे उधळपट्टीला चाप बसतो. हे सगळे सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावाने करून दाखवले.

आपण काय करायचे

१. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर आरोग्य विभाग पाणीस्रोतांची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे येत्या ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर कारण वाचून दाखवायला लावा.

२. जलसुरक्षकाने रोज शेवटच्या नळाला ओटी चाचणी घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. निकाल चावडीच्या फळ्यावर खडूने लिहावा. न झाली तर 'झाली नाही' असे लिहावे.

३. टीसीएल कोरड्या जागी, सावलीत, झाकून ठेवलेले आहे का, पोत्यावर तारीख कोणती, हे दोन बायका आणि दोन तरुणांनी महिन्यातून एकदा जाऊन पाहावे. ताज्या पावडरचे प्रमाण हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम.

४. वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जंतूंची तपासणी व्हायला हवी. तिचा अहवाल मराठीतून ग्रामसभेत वाचला जावा. फ्लोराइड, नायट्रेट जास्त निघाले तर आरओ केंद्र गावाच्या मालकीचे असावे. आतला पडदा कधी बदलला आणि फेकलेले खारे पाणी कुठे जाते, हे तिथे लिहिलेले असावे.

५. फवारणीचा पंप विहिरीवर, ओढ्यावर, हापशावर धुवायचा नाही. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरायचा नाही. दुसऱ्याच्या बाटलीतली कीटकनाशके मोजायची आणि आपल्या विहिरीत ओतायची, हे चालणार नाही.

६. नळाला तोटी बसवा, खड्डा बुजवा, मोटर काढा. पाणीपट्टी भरा आणि मग टेबलावर पावती ठेवून जाब विचारा. ज्याने पट्टी थकवली त्याचा आवाज ग्रामसभेत खाली जातो.

७. या चळवळीच्या बैठकीत यापुढे व्यासपीठावर बाटल्या मांडायच्या नाहीत. ज्या गावात बैठक त्या गावच्या नळाचे पाणी, ओटी चाचणी करून, माठात भरून, लांब दांड्याच्या ओगराळ्याने सगळ्यांना द्यायचे. पाहुण्यांना तेच, कार्यकर्त्यांना तेच. ज्या गावात ते देता येणार नाही, त्या गावात बैठकीचा पहिला विषय पाण्याचाच असेल.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी कागदावर लिहून आणाव्यात: कार्डाचा रंग, महिन्यात किती दिवस ओटी चाचणी झाली तो आकडा, आणि गावात रोज किती जार उतरतात त्याची मोजणी. दोन जिल्ह्यांचे असे कागद एकत्र केले, की जिल्हा परिषदेच्या दारात आपल्याला भाषण करावे लागणार नाही. कागदच बोलतील.